बाई सुंदराबाई : लेबलावरच्या नावामागची गायिका

नागपूरच्या महाल भागातील आपला वडिलोपार्जित वाडा पाडायला काढण्यापूर्वी माळ्यावरच्या लोखंडी पेटीत ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या निघाल्या, त्यांतल्या काहींवर ‘बाई सुंदराबाई’ असे नाव आहे आणि घरातल्या थोरामोठ्यांपैकी कोणालाही या बाई कोण ते सांगता आले नाही, असे आपण लिहिले आहे. या गायिका कोण, त्यांच्याविषयी आणखी माहिती कशी शोधावी आणि या तबकड्यांचे करावे काय, असे आपले प्रश्न आहेत. जुन्या तबकड्या गोळा करणे, त्या स्वच्छ करणे आणि त्यांवरचे गाणे संगणकावर उतरवून घेणे हे काम मी नागपुरात बरीच वर्षे करत आलो आहे. तरीही या उत्तरात तटस्थपणा फारसा सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण आयुष्यभर ज्या एका आवाजाच्या मागे मी राहिलो, तो नेमका हाच आवाज आहे.

सुंदराबाई जाधव या पुण्याच्या. त्यांचा काळ १८८५ ते १९५५. लावणी, ठुमरी, गझल, होरी, भजन असे बैठकीत गायले जाणारे बहुतेक सगळे प्रकार त्यांच्या गळ्यात होते आणि मराठीइतक्याच सहजतेने त्या हिंदी-उर्दूतही गात असत. पुण्यामुंबईच्या रसिकांत त्यांचे नाव फार मोठे होते. ते किती मोठे होते याचा पुरावा आपल्या पेटीनेच दिला आहे, कारण पुण्याच्या बैठकीतले गाणे नागपूरच्या महालातल्या माजघरापर्यंत पोचवणारे दुसरे साधन त्या काळी फारसे नव्हते. नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले ते १९४८ साली. त्याआधी या गावात ज्याने सुंदराबाई ऐकल्या, त्याने त्या बहुधा चावीच्या ग्रामोफोनवरच ऐकल्या.

आता त्यांच्या कामगिरीतला सर्वांत महत्त्वाचा भाग. त्याचा एक धागा आपल्या जिल्ह्याशीही जोडलेला आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला वारले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलेले त्यांना पाहता आले नाही. ते त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणले. नाटकातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली आणि त्या पदांच्या चालींसाठी बालगंधर्व गेले ते सुंदराबाईंकडे. नाटकाची नायिका सिंधू हिच्या तोंडची जी पदे महाराष्ट्राने पुढे दोन-तीन पिढ्या गुणगुणली, त्यांच्या चाली मुळात सुंदराबाईंच्या बैठकीच्या गाण्यातून आलेल्या आहेत. ‘मानापमाना’ला १९११ साली गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६ साली ‘स्वयंवरा’च्या चालींमागे भास्करबुवा बखले यांची ख्यालाची तालीम होती, आणि ‘एकच प्याला’च्या चाली एका बाईच्या बैठकीतून आल्या. पहिल्या दोघांची नावे नाट्यसंगीताच्या प्रत्येक इतिहासात ठळकपणे येतात. तिसरे नाव येते तेव्हा बहुधा एखाद्या वाक्यापुरतेच, जणू काही चाली कोठून तरी आपोआपच सुचल्या होत्या.

या गोष्टीचा मी जितका विचार करत गेलो तितकी ती मला अधिक बोचत गेली. सिंधू ही मराठी रंगभूमीवरची सर्वांत सोशिक गृहिणी. दारूच्या आहारी गेलेल्या पतीच्या पायांशी एकनिष्ठ राहून ती झिजत जाते आणि तिचे दुःख बालगंधर्व, म्हणजे एक पुरुष, लुगडे नेसून गातो. त्या दुःखाला ज्या बाईने सूर दिला, तिला मात्र त्या मंडळीच्या रंगमंचावर स्त्री म्हणून उभे राहण्याची वाट त्या काळी नव्हतीच. नाटकगृहात बसून सिंधूसाठी डोळे पुसणाऱ्या घरंदाज प्रेक्षकांपैकी अनेकांनी आपण सुंदराबाईंच्या बैठकीला जातो हे घरच्या बायकांना कधीच सांगितले नसते. गाणे घरात यायला कोणाची हरकत नव्हती. गाणाऱ्या बाईने उंबरठा ओलांडायला होती.

म्हणूनच १९३९ सालचा प्रभातचा ‘माणूस’ मी दर वेळी निराळ्या भावनेने पाहतो. व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटात एक पोलीस शिपाई कोठ्यावरच्या मैनेवर जीव लावतो आणि तिला प्रतिष्ठित आयुष्यात आणू पाहतो. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांच्या कामांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. त्या शिपायाची देवभक्त, भाबडी, प्रेमळ आई जिने उभी केली ती सुंदराबाई. मैना ज्या घराच्या दारात येऊन संकोचाने थिजते, त्या घरातली माउली म्हणून हीच बैठकीची गायिका पडद्यावर बसलेली आहे, देवापुढे दिवा लावते आहे, गाते आहे. शांतारामांच्या मनात हा विचार होता की नव्हता यावर वाद घालण्याची गरज नाही. जे पडद्यावर आहे ते आहे, आणि सुंदराबाईंचा चालता-बोलता चेहरा ज्यांना पाहायचा आहे त्यांच्यासाठी हा चित्रपट अमोल आहे. आपण तबकड्या वाजवण्यापूर्वी तो पाहावा, असे मी मुद्दाम सुचवतो.

मी त्यांना पहिल्यांदा ऐकले ते कॉलेजात असताना, इतवारीतल्या एका भंगाराच्या दुकानातून आणलेल्या तबकडीवर. तबकडी इतकी झिजलेली होती की सुरुवातीला खरखरीखेरीज काही ऐकूच येईना. मग त्या खरखरीच्या आतून एक आवाज पुढे आला. तो मोकळा होता, ठाम होता, आणि शब्द उच्चारताना तो जराही आढेवेढे घेत नव्हता. लावणीत बहुतेक गायिका ठसक्यावर भर देतात. सुंदराबाई ठसका राखून ठेवतात. ओळ त्या जवळजवळ बोलल्यासारखी सांगतात, अक्षरन् अक्षर सुटे ठेवतात, आणि ओळ संपत आली की शेवटच्या अक्षरावर एक लहानशी, वेगाने उतरणारी हरकत (स्वरांचे छोटे वळण) घेऊन पुन्हा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, इतक्या निवांतपणे येतात की मध्ये काही अवघड घडले हे कानाला उशिरा कळते. तबकडीच्या एका बाजूला मावणाऱ्या तीन मिनिटांत सगळे आटपायचे असते, तरी घाई कोठेही नाही. बैठकीत जी ठुमरी अर्धा-पाऊण तास चालायची, तिचे सार तीन मिनिटांत बसवताना काय टाकावे आणि काय ठेवावे हा निर्णय गायिकेलाच घ्यावा लागे. तो निर्णय किती अचूक होता, हे त्यांच्या दोन-तीन तबकड्या लागोपाठ ऐकल्यावर लक्षात येते. हे गाणे सोपे वाटते आणि गाऊ गेल्यास हातातून निसटते. मी चांगल्या तयारीच्या गायिकांना ते ऐकवून पाहिले आहे. स्वर त्यांना तत्काळ सापडतात, शब्द टाकण्याची ती जागा सापडत नाही.

मग अशा गायिकेचा विसर का पडला? याची कारणे मला त्यांच्या गाण्यात दिसत नाहीत. ती त्यांच्याभोवतीच्या व्यवस्थेत दिसतात. ख्यालगायकाची आठवण घराणे ठेवते, शिष्य ठेवतात. नटाची आठवण नाटक मंडळी आणि नाट्यवेडे चरित्रकार ठेवतात. बैठकीत गाणाऱ्या बाईसाठी अशी कोणतीच वही नव्हती. त्यातच १९३०च्या दशकात मराठी गाण्याची रुची झपाट्याने पालटली. विदर्भातले वकिलीचे शिक्षण घेतलेले तरुण जी. एन. जोशी यांनी मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता गायली, तिची तबकडी घरोघर वाजली आणि भावगीत नावाचा नवा प्रकार रुजला. (आपल्या पेटीत ही तबकडी असण्याचीही बरीच शक्यता आहे, ती मिळाली तर वेगळी ठेवा, आपल्या वऱ्हाडाने मराठी गाण्याला दिलेली ती मोठी देणगी आहे.) भावगीताने कवीचे नाव पुढे आणले, सुशिक्षित मध्यमवर्गीय घरातल्या मुलामुलींना निःसंकोच गाता येईल असे गाणे दिले, आणि मायक्रोफोनमुळे हलक्या, कानाशी बोलल्यासारख्या आवाजाला मान मिळवून दिला. हे सगळे चांगलेच झाले. मात्र त्याच वेळी भर बैठकीत शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा, पुरता खुला लागणारा आवाज जुनाट वाटू लागला, आणि लावणी-गझल-ठुमरीचा तो मिसळता प्रवाह ‘तसले गाणे’ म्हणून बाजूला पडला. जी. एन. जोशींबरोबर युगुलगीते गाणाऱ्या ‘गांधारी’चे उदाहरण येथे आठवते. गांधारी म्हणजेच गंगूबाई हनगल. त्या ख्यालाकडे वळल्या, किराणा घराण्याच्या थोर गायिका म्हणून अमर झाल्या, आणि गांधारी या नावाने गायलेले त्यांचे हलकेफुलके गाणे त्यांच्याच कीर्तीखाली झाकले गेले. आपल्याकडे स्मरण कोणाचे होते आणि कोणत्या गाण्याचे होते, हे यावरून ध्यानात यावे.

आता पेटीकडे वळू. माहिती शोधण्याचे पहिले साधन आपल्या हातातच आहे, ते म्हणजे स्वतः तबकडी. गायिकेविषयी नंतर कोणी लिहिलेल्या आठवणींपेक्षा मी लेबलावर अधिक विश्वास ठेवतो. प्रत्येक तबकडीसाठी एक कागद करा आणि त्यावर लेबलावरचा मजकूर जसाच्या तसा, त्याच स्पेलिंगसह उतरवा : कंपनीचे नाव, गायिकेचे नाव, गाण्याचा मुखडा, राग किंवा प्रकार, भाषा, आणि तबकडीचा विक्री-क्रमांक. त्यानंतर तबकडी तिरकी धरून उजेडात पाहा. गाणे संपल्यावर लेबलाच्या भोवती जी गुळगुळीत कडी राहते, तिच्यावर आकडे आणि अक्षरे ठोकलेली दिसतील. हा साचा-क्रमांक. विक्री-क्रमांक दुकानदारासाठी असे, साचा-क्रमांक मुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञासाठी. गाणे नेमके कोणत्या सत्रात मुद्रित झाले याचा माग साचा-क्रमांकावरूनच लागतो, कारण तेच ध्वनिमुद्रण पुढे दुसऱ्या लेबलावर, दुसऱ्या विक्री-क्रमांकाने पुन्हा निघाले तरी तबकडीत कोरलेला हा आकडा बहुधा तोच राहतो.

काळ ठरवायला आणखी काही खुणा आहेत. तबकडीच्या एकाच बाजूला गाणे असेल तर ती फार जुनी. ग्रामोफोन कंपनीच्या लेबलावर लेखणीने तबकडीवर लिहिणारा देवदूत असेल तर ती भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चिन्ह येण्याआधीची. भारतात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी सुरू केले, गायिका गौहरजान त्याच वेळी मुद्रित झाल्या. त्या वेळच्या तबकड्या छापून येत जर्मनीतील हॅनोव्हरहून. कलकत्त्याला सियालदहचा कारखाना १९०८ साली सुरू झाला आणि १९२८ साली तो डमडमला आला. ओडियन, कोलंबिया, रीगल, ट्विन, ब्रॉडकास्ट, यंग इंडिया अशी इतर नावेही आपल्याला दिसतील. यांतले यंग इंडिया हे मुंबईचे, १९३०च्या दशकाच्या मध्यावरचे. त्या लेबलाची तबकडी असेल तर काळाचा अंदाज सरळच मिळतो.

सर्वांत मोठी खूण मात्र कानाने ओळखायची आहे. १९२५पर्यंत ध्वनिमुद्रणात विजेचा काहीही संबंध नव्हता. गायक मोठ्या भोंग्याच्या तोंडाशी उभा राही, आवाजाच्या दाबाने पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई मेणावर रेघ कोरत जाई. हलका स्वर त्यात उमटतच नसे, आणि तार सप्तकातला जोरकस स्वर आला की गायकाला डोके मागे घ्यावे लागे, अन्यथा सुई उडे. म्हणून त्या काळातल्या तबकड्यांत गळा पुढे आणि तबला जवळजवळ नाहीसा, असे ऐकू येते. मायक्रोफोन आल्यावर साथ स्पष्ट होते, सारंगीचा घासता नाद आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा ऐकू येतो, आणि श्वासही कळतो. एकाच गायिकेची दोन्ही प्रकारची गाणी मिळाली तर ती अवश्य एकामागून एक ऐका. तिच्या गायकीत काय बदलले आणि यंत्रात काय बदलले हे वेगळे करता आले, की आपण निम्मे संशोधक झालात असे समजायला हरकत नाही.

लेबलानंतर कागदाची पाकिटे. बहुतेक लोक ती फाटकी म्हणून फेकून देतात. कृपया तसे करू नका. त्यांवर अनेकदा विक्रेत्याचा शिक्का असतो, आणि सीताबर्डीवरच्या दुकानाचा असा शिक्का म्हणजे हे गाणे नागपुरात रीतसर विकले जात होते याचा लेखी पुरावा असतो. पेटीत कंपन्यांच्या मराठी गाण्यांच्या यादीपुस्तिका निघाल्या तर त्या तबकड्यांइतक्याच जपा. त्यांत गाण्यांचे पूर्ण शब्द असतात, क्वचित गायिकेचे छायाचित्रही असते. नागपुरात ओगल्यांचे ‘महाराष्ट्र’ पत्र १९१४ साली निघाले. त्याच्या आणि त्या काळच्या इतर पत्रांच्या जुन्या अंकांतल्या जाहिराती चाळाव्यात, कारण नाटक मंडळ्यांचे दौरे, बैठकी आणि तबकड्यांचे आगमन या गोष्टी बातमीच्या स्तंभात फारशा येत नसत, जाहिरातीत येत. जुन्या नियतकालिकांसाठी विदर्भ साहित्य संघात चौकशी करावी. मुंबईतील सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संग्राहकांच्या संस्थेने आपल्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून अशा गायकांविषयी मोलाचा मजकूर जपला आहे, आणि आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिकने कितीतरी जुन्या तबकड्या इंटरनेटवर ऐकण्यास खुल्या केल्या आहेत. आपला साचा-क्रमांक हातात असेल तर या दोन्ही ठिकाणी नेमका प्रश्न विचारता येतो. तो नसेल तर उत्तरादाखल आख्यायिकाच पदरात पडतात.

आख्यायिकांबद्दल मी थोडा कठोर आहे. बैठकीत गाणाऱ्या बायांविषयी ज्या कथा सांगितल्या जातात त्यांतल्या बहुतेक त्यांच्या रूपाच्या, दागिन्यांच्या आणि आश्रयदात्यांच्या असतात. गाण्याविषयी त्यांत एक अक्षर नसते. अशी कथा कोणी सांगितली तर लिहून घ्या, सांगणाऱ्याचे नाव आणि त्याला ती कोणाकडून कळली तेही लिहा, पण ती तबकडीच्या माहितीत मिसळू देऊ नका. त्याऐवजी घरातल्या सर्वांत वयस्क आत्याबाईंना किंवा आजींना तबकडी ऐकवून पाहा. नाव आठवत नसले तरी चाल आठवते, असा माझा अनुभव आहे. अनेकदा चाल ओळखून त्या ‘एकच प्याला’तले पद म्हणू लागतात, आणि मूळ कोणते व अनुकरण कोणते हा प्रश्न आपोआप उभा राहतो. पेटीत बालगंधर्वांच्या तबकड्या असतील तर हे ताडून पाहणे आपल्याला घरबसल्या करता येईल. बालगंधर्व स्वर लांबवतात, त्याला करुणेने भिजवतात. सुंदराबाई तोच ढंग तुटक, बोलका ठेवतात. दोन्ही थोर आहेत, आणि एकाचे मोठेपण सांगण्यासाठी दुसऱ्याचे नाव गाळण्याची काहीच आवश्यकता नाही.

तबकड्यांच्या निगेविषयी आता स्पष्ट सूचना देतो, कारण या कामात हौसेने केलेले नुकसान भरून येत नाही. या तबकड्या प्लास्टिकच्या नाहीत. लाख, दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि थोडा कापसाचा तंतू असे त्यांचे मिश्रण असते. ही लाख कुसुम-पळसासारख्या झाडांवरची, आपल्या जुन्या मध्य प्रांताच्या जंगलांतही निघणारी. ती स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर यांचा थेंबही तबकडीला लागता कामा नये. आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ काढावी. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये अगदी थोडे सौम्य साबणद्रव्य घालून, लेबल कोरडे राखून, रेघांच्या दिशेने हलकेच पुसावे, स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसून घ्यावे आणि सावलीत उभे ठेवून वाळवावे. बुरशीचा पांढरा थर असेल तर नाकातोंडावर रुमाल बांधून हे काम घराबाहेर करावे.

ठेवणूक ही नागपुरात खरी कसोटी. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या गावात पत्र्याखालचा माळा तबकडीसाठी सर्वांत वाईट जागा, कारण उष्णतेने लाख मऊ होते आणि आडव्या रचलेल्या तबकड्या बशीसारख्या वाकतात. लोकांना माहीत नसलेला दुसरा धोका कूलरचा. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी दमट हवा माणसाला सुख देते आणि तबकडीवर बुरशी चढवते, म्हणून कूलर चालतो त्या खोलीत तबकड्या ठेवू नयेत. घराच्या मधल्या, बाहेरची भिंत नसलेल्या खोलीत, जमिनीपासून थोड्या वर, पुस्तकांसारख्या सरळ उभ्या, प्रत्येक तबकडी नव्या कागदी पाकिटात आणि जुने पाकीट तिच्याशेजारी, अशी व्यवस्था पुरेशी आहे. तडा गेलेली तबकडी चिकटवू नका. ती दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. तिच्यावरचे गाणे उतरवून घेणे अनेकदा शक्य असते.

वाजवण्याचा मोह होणार, हे मला ठाऊक आहे. घरात आजोबांचा चावीचा ग्रामोफोन असला तरी त्यावर या तबकड्या वारंवार वाजवू नका. त्याचा साउंडबॉक्स (सुई बसवलेली गोल डबी) शंभर ग्रॅमहून अधिक भार सुईवर टाकतो, आणि पोलादी सुई एका बाजूनंतर बदलायची असते हा नियम आजकाल कोणी पाळत नाही. तबकडीत दगडाची भुकटी असते ती सुईलाच रेघेच्या आकाराची घासून घेण्यासाठी. घासली गेलेली तीच सुई दुसऱ्या तबकडीवर टेकवली की ती पटाशीसारखी रेघ खरवडते. विजेवरचा, मिनिटाला ७८ फेऱ्यांची सोय असलेला टर्नटेबल घ्यावा आणि त्याला जुन्या तबकड्यांची रुंद सुई बसवावी. या सुईचे टोक इंचाच्या हजार भागांपैकी सुमारे तीन भागांइतके असते. एल.पी.ची सुई याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी बारीक असल्यामुळे रेघेच्या तळाशी लोळते आणि सगळी खरखरच उचलते. शिवाय प्रत्येक जुनी तबकडी बरोबर ७८ फेऱ्यांवरच मुद्रित झालेली असते असे नाही. सुरुवातीच्या तबकड्या त्याहून कमी-अधिक वेगाच्या असतात, आणि वेग चुकला तर पट्टी बदलते, गायिकेचे वयसुद्धा बदलल्यासारखे भासते. आवाज किनरा किंवा जड वाटला तर आधी वेगावर संशय घ्यावा.

गाणे संगणकावर घ्यायचे तर दोन प्रती कराव्यात. पहिली कसलीही सफाई न केलेली, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर, वेव्ह स्वरूपात. खरखरीसकट, सुई टेकण्याच्या आवाजापासून उचलण्याच्या आवाजापर्यंत. दुसरी ऐकण्यासाठी, हवी तेवढी सफाई केलेली. आजची सॉफ्टवेअरे खरखर काढता काढता सुंदराबाईंच्या आवाजातली धारही काढून टाकतात, म्हणून पहिली प्रत कधीही पुसू नये. त्याचप्रमाणे आजच्या ॲम्प्लिफायरमध्ये ध्वनीचा जो आरआयएए तोल (खर्ज आणि तार आवाजांचे ठरीव प्रमाण) बसवलेला असतो, तो १९५०च्या दशकात ठरला. त्याआधीच्या तबकड्यांना तो जुळत नाही, त्यामुळे शक्य असल्यास त्याविना मुद्रण करावे. कायद्याचा प्रश्नही आपल्या मनात असेल. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे सुंदराबाईंच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांच्या बाबतीत तो संपलेला आहे. गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क मात्र त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे मोजावा लागतो, तेवढे जाहीर प्रसारणापूर्वी तपासून घ्यावे.

विकण्याविषयी आपण सूचकपणे विचारले आहे. पैशाच्या दृष्टीने फार अपेक्षा ठेवू नका. झिजलेल्या तबकड्यांना बाजारात भाव नाही आणि चांगल्या स्थितीतल्या तबकडीचा भाव घेणाऱ्याच्या आवडीवर ठरतो. घरात जागा नसेल तर विकणे किंवा देणे यात काहीही वावगे नाही. माझी विनंती एवढीच की संच फोडू नका. एकाच घरात, एकाच माणसाने, काही वर्षांच्या काळात निवडून घेतलेल्या तबकड्या एकत्र राहिल्या तर नागपुरातल्या एका श्रोत्याची रुची कशी घडली हे त्यांतून वाचता येते. सुंदराबाईंच्या शेजारी त्याने कोणाकोणाला ठेवले होते, हे त्यांच्या लोकप्रियतेविषयी कोणत्याही लेखापेक्षा अधिक सांगते. वाडा रिकामा करण्यापूर्वी पेटी जेथे होती तेथेच तिचे छायाचित्र काढा, तबकड्या ज्या क्रमाने रचलेल्या आहेत तो क्रम बदलण्याआधी लिहून घ्या, आणि सुंदराबाईंच्या तबकड्यांचे साचा-क्रमांक मला कळवा. माझ्याकडे असलेल्या क्रमांकांशी ते ताडून, त्यांतले कोणते गाणे आजवर ऐकायला मिळालेले नाही, ते मी आपल्याला सांगू शकेन.